पळवणकर बाळू आणि १९११ चा हंगाम

१९११ च्या उन्हाळ्यात हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. संघाचे नेतृत्व पतियाळाच्या तरुण महाराजांकडे होते, पण सुरुवातीच्या काही सामन्यांनंतर ते मैदानावर क्वचितच उतरले. दौऱ्याचा भार खरा पेलला तो डावखुरे फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू यांनी.

चर्मकार समाजातले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये मैदानाची कामे करत. सरावाला जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या कसलेल्या फलंदाजाला तासन् तास चेंडू टाकून त्यांचा हात तयार झाला. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानावर सगळे त्यांच्या चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या कपात चहा मिळे. हा अन्याय त्या काळच्या क्रिकेटच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

इंग्लंडमध्ये संघ बहुतेक सामने हरला. लीस्टरशायरविरुद्ध पहिला विजय मिळाला, त्यात बाळूंचे ११ बळी होते. सॉमरसेटविरुद्ध त्यांचे भाऊ शिवराम यांच्या नाबाद शतकाने एक गडी राखून सामना जिंकून दिला.

दौऱ्यात बाळूंनी एकूण ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२३ मध्ये ते धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.