लाज कुणाला? लज्जागौरीला की आपल्याला?

नवरात्रात आपण घट बसवतो. माती, त्यात धान्य, मधोमध पाण्याने भरलेला कलश. चार दिवसांत अंकुर वर येतात आणि त्यालाच आपण देवी म्हणतो. याच कल्पनेची एक जुनी मूर्ती आहे, पण तिच्याबद्दल चारचौघांत कुणी बोलत नाही.

लज्जागौरी. मानेवर डोकं नाही, त्या जागी उमललेलं कमळ. गुडघे दुमडून पाय फाकलेले, बाळंतपणात असतात तसे. तेर, नेवासा इथे तिच्या छोट्या मूर्ती सापडल्यात, म्हणजे ही कुठली परकी देवी नाही. बदामीच्या संग्रहालयातली सातव्या शतकाच्या सुमाराची दगडी मूर्ती तर बघतच राहावी अशी. जुन्या अभ्यासकांच्या लिखाणात हिला ‘निर्लज्ज स्त्री’ असंही म्हटलेलं आढळतं. लाजेने हिचं डोकं गळून पडलं, अशी लोककथाही सांगतात. मला ती कथा नंतर चिकटवलेली वाटते. कमळ उमललंय तिथे लाज कसली? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ‘उत्तानपद्’ पासून पृथ्वी जन्मली असं आहे. ती हीच मुद्रा, असं अभ्यासक मानतात. रा. चिं. ढेरे यांनी 1978 साली ‘लज्जागौरी’ हा अख्खा ग्रंथ लिहून तिचं नातं रेणुका-यल्लम्माशी, गोव्यातल्या सांतेरीच्या वारुळाशी जोडलं. वारूळ म्हणजे भूमीचं गर्भद्वार. मराठीत हे इतकं स्पष्ट लिहिलं गेलंय, वाचलंय किती जणांनी?

आता खरी गोम. आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याला अशाच एका मूर्तीवर इक्ष्वाकू राणी खंडुवुलाचा लेख आहे. त्यात ती स्वतःची ओळख देते: अविधवा आणि जीवपुत्रा. नवरा जिवंत, मुलं जिवंत! मूर्तीत नवऱ्याचा पत्ता नाही, पण लेखात तो आधी येतो. सृजनाची शक्ती देवीची, मान मात्र सवाष्णीचा. सोळा-सतराशे वर्षं झाली, हळदीकुंकवाचं आमंत्रण आजही बहुतेक घरांत याच हिशोबाने जातं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला विधवा प्रथा बंदीचा ठराव करावा लागला, तो मे 2022 मध्ये. पुढे शासनानेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तेच आवाहन केलं.

येत्या नवरात्रात तुमच्या गल्लीत घटाला पहिलं कुंकू कोण लावणार, ते जरा बघून सांगा.