आधीच भरून ठेवलेला रकाना

मंडळी, आज आधी घरातली गोष्ट सांगते, मग इतिहासात शिरते.

गेल्या वर्षी सांगलीला बाबांच्या मानेवर एक गाठ आली. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला आणि आठवडाभर थांबायला सांगितलं. रिपोर्ट येईपर्यंत आईला काही सांगायचं नाही, असं बाबांनी ठरवलं. पण ती झोपली की ते घरच्या संगणकावर त्याबद्दलच वाचत बसायचे. तिसऱ्या दिवशी आई त्याच संगणकावर मोदकांची कृती शोधायला बसली, तर पानाच्या कडेला कर्करोगाच्या इस्पितळांच्या जाहिराती! तिने थेट मला अमेरिकेत फोन लावला, "अगं, खरं सांग, कुणाला काय झालंय?" मला तर काहीच माहीत नव्हतं.

गाठ साधी निघाली. पण "४० वर्षांच्या संसारात हे मला जाहिरातीनं सांगावं?" या आईच्या प्रश्नाला बाबांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मलाच विचारलं, "मी हे कुणाला सांगायची परवानगी कधी दिली गं?"

माझी पीएचडी धातूशास्त्रातली. पण घरच्यांच्या लेखी अमेरिकेत शिकलेल्या माणसाला संगणकातलं सगळं कळतं! म्हणून शोधाशोध केली. उत्तर असं, की बाबांनी परवानगी दिलीच नव्हती. ती त्यांच्या वतीने १९९० च्या दशकातच गृहीत धरली गेली होती.

तर झालं असं. वेबला मुळात स्मरणशक्ती नव्हती. तुम्ही एक पान मागितलं, सर्व्हरने दिलं, विषय संपला. पुढचं पान मागणारे तुम्हीच, हे त्याला कळायचं नाही. मग दुकानाची पिशवी सांभाळायची कशी? १९९४ साली नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली यांनी यावर 'कुकी'ची युक्ती काढली. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना, तसंच. चपला सांभाळणाऱ्याला तुमचं नाव ठाऊक नसतं, बिल्ला दाखवला की पुरतं. आणि एका देवळाचा बिल्ला दुसऱ्या देवळात चालत नाही. युक्ती चांगलीच होती.

गोम पुढे आली. एका पानावरचं चित्र किंवा जाहिरात दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येऊ शकते, आणि तोही स्वतःचा बिल्ला देऊ शकतो. म्हणजे गावातल्या प्रत्येक देवळाबाहेर एकाच मालकाची माणसं बसलेली, सगळीकडे तोच बिल्ला. नाव ठाऊक नसलं तरी बिल्ला क्रमांक अमुक सोमवारी कुठे गेला आणि शनिवारी कुठे, हे सगळं मालकाच्या वहीत! हीच ती थर्ड-पार्टी कुकी.

धोका तेव्हाच्या जाणकारांना दिसला नव्हता असं मुळीच नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीचे नियम 'आरएफसी २१०९' या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. लेखक दोन, बेल लॅब्जचे डेव्हिड क्रिस्टॉल आणि खुद्द मॉन्टुली. असे परके बिल्ले ब्राउझरने घेऊ नयेत, आणि ते घेण्याची सोय ठेवलीच तर ती मुळात बंद असावी, असं त्यात होतं. पण नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही हा नियम पाळला नाही. तोवर जाहिरातवाल्यांचा धंदा याच बिल्ल्यांवर उभा राहू लागला होता. नेटस्केपमध्ये परके बिल्ले नाकारायची सोय पुढे आली, पण रकान्यात आधीच 'सगळे घ्या' भरलेलं. आणि सेटिंग्ज उघडून बघतो कोण?

हा रकाना बदलायला फार वर्षं गेली. ॲपलच्या सफारीने २००३ पासून परके बिल्ले बऱ्याच अंशी अडवले. त्यातून पळवाट काढल्याच्या प्रकरणात २०१२ साली गूगलने अमेरिकी सरकारला २ कोटी २५ लाख डॉलर दंड भरला. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ज्ञात कुकीज सर्वांसाठी बंद केल्या, तर सफारीने मार्च २०२० मध्ये सरसकट सगळ्याच परक्या कुकीज. क्रोमनेही जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत त्या हटवण्याचं जाहीर केलं, मग मुदत वाढवत नेली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. बाबा वापरतात ते क्रोमच!

मग एका रविवारी फोनवरून बाबांकडून सगळं करून घेतलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडून थर्ड-पार्टी कुकीज बंद केल्या. जुन्या साठलेल्या पुसल्या. नोटिफिकेशन पाठवायची परवानगी ज्या ज्या साइटना नकळत दिली गेली होती, ती काढून घेतली. असुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएस नसलेली साइट उघडण्याआधी इशारा मिळेल असं केलं. आणि आईसाठी वेगळं प्रोफाइल. एवढ्याने सगळं थांबतं असं नाही. एकाच खात्यात लॉगिन करून शोधत राहिलात, तर ते खातं चालवणाऱ्या कंपनीला कुकीशिवायही कळतंच. पण परक्यांच्या बऱ्याच वह्या बंद होतात. तुम्हीही आज पाच मिनिटं काढा, आणि गावाकडे आईवडिलांना फोन कराल तेव्हा त्यांच्याकडूनही करून घ्या.

सगळं झाल्यावर बाबा म्हणाले, "एवढं सोपं होतं, तर आधीपासूनच असं का नाही ठेवलं?" मी त्यांना १९९७ ची गोष्ट सांगितली.

असो. रिपोर्टांची फाईल मात्र आता आईच्या कपाटात असते.