दोन चाकांवरचे बिऱ्हाड

सायकलीचा इतिहास लिहिणारे बहुधा चाकांचाच इतिहास लिहितात. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ले याने जवळजवळ सारख्या दोन चाकांची ‘रोव्हर’ रस्त्यावर आणली, १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉपने चाकाला हवेचा टायर चढविला आणि माणूस दूरदूर हिंडू लागला, अशी ती कथा असते. ती खोटी नव्हे. पण अर्धी आहे. दिवसा पन्नास मैल गेलेला माणूस रात्री कोठे निजला? पाऊस आला तेव्हा त्याने काय केले? या प्रश्नांना आम्ही चाकांइतकेच महत्त्व देतो. सायकलीने सामान्य माणसाला प्रवास दिला, पण मुक्काम दिला नाही. मुक्काम विकत घ्यावा लागे.

पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या टॉमस स्टीव्हन्सचेच पाहा. २२ एप्रिल १८८४ रोजी तो सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. त्याची सायकल जुन्या घाटाची, म्हणजे पुढे पन्नास इंचांचे अवाढव्य चाक आणि मागे एक चिमुकले. बरोबर पायमोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि एक रेनकोट. हा रेनकोट पावसात अंगावर घ्यायचा आणि रात्री त्याचाच तंबू व अंथरूण करायचे! सिएरा नेवाडाच्या पहाडात बर्फाने रस्ता बंद, तेव्हा आगगाडीच्या रुळांवर बर्फ पडू नये म्हणून बांधलेल्या लांबलचक लाकडी मांडवांतून तो गेला. ४ ऑगस्टला बोस्टनला पोहोचला, तेव्हा एकतृतीयांशाहून अधिक वाट त्याने पायी तुडविली होती. पुढे १८८६ साली तो आपल्याकडेही आला आणि लाहोरपासून ग्रँड ट्रंक रस्त्याने कलकत्त्यापर्यंत गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात योकोहामाला त्याची फेरी पुरी झाली. पराक्रम मोठाच. पण जेथे रेनकोट अपुरा पडला तेथे त्याला कोणाचे तरी दार ठोठवावे लागले, आणि ती दारे त्याच्यासाठी बरीच लवकर उघडत, हेही विसरता कामा नये. गोऱ्या प्रवाशाला साम्राज्याच्या रस्त्यावर छप्पर मिळणे कठीण नव्हते.

इंग्लंडातल्या सायकलस्वारांनी या अडचणीवर संघटनेचा उपाय केला. १८७८ साली हॅरोगेट येथे त्यांचा प्रवासी क्लब निघाला. क्लबाने गावोगावच्या खानावळींशी दर ठरविले, दारांवर क्लबाची पाटी लागली. सोय झाली, पण पैसेवाल्याची. शिवाय पाटी असेल त्याच गावी रात्र काढणे भाग. आभाळ दुपारीच फाटले तर?

येथे एका शिंप्याचा प्रवेश होतो. टॉमस हायरम होल्डिंग हा लंडनचा शिंपी. कपडे बेतण्यावर त्याने पुस्तकेही लिहिली होती. १८५३ साली, वयाच्या नवव्या वर्षी, आईबापांबरोबर बैलगाड्यांच्या तांड्यातून त्याने अमेरिकेची मैदाने ओलांडली होती. उघड्यावर राहण्याची ओढ त्याला तेथेच लागली असावी. पण तांड्याचा तंबू बैल ओढतात, सायकलीचा तंबू माणसाच्या मांड्यांना ओढावा लागतो. चढावर एक पौंड म्हणजे काय, हे ज्याने सायकल रेटली आहे त्यालाच कळते.

होल्डिंगने सामानाचा प्रश्न शिंप्याच्या नजरेने पाहिला. जाड किरमिजाचा तंबू पाऊस चांगला अडवितो, पण भिजला की दुप्पट जड होतो आणि सकाळी तोच ओला गठ्ठा घेऊन निघावे लागते. म्हणून त्याने दाट विणीचे तलम रेशीम घेतले. अशा रेशमाचा लहानसा तंबू पौंडाच्या आसपास भरे. तलम कापडावरूनही पाणी ओघळून जाते. अट एवढीच की कापड ताणलेले हवे आणि त्याला आतून हात किंवा घोंगडी लागता कामा नये, कारण लागली की तेथूनच पाणी झिरपू लागते. म्हणून सगळी मदार बेतावर. शिवण कोठे घ्यावी, तणाव्यांचा ताण कोणत्या टोकावर पडावा, वारा फिरला तर बाजू कशी फडफडणार नाही, हे कोटाच्या खांद्याचा बेत जाणणाऱ्यालाच सुचावे! खाली मेणकापड, काठ्या तुकड्यातुकड्यांच्या, आणि चुलीचे काम १८९२ साली स्वीडनमध्ये निघालेल्या प्रायमसने केले. आपल्या घराघरांत एके काळी भर्रर आवाज करीत चहा उकळणारा स्टो तो हाच. ओली लाकडे फुंकत बसण्याची सक्ती त्याने संपविली.

या बिऱ्हाडाची परीक्षा होल्डिंगने १८९७ साली आयर्लंडच्या पश्चिमेला कोनेमारा भागात घेतली. निवड मुद्दामच कठीण म्हटली पाहिजे. तेथे अटलांटिकवरून ढग येतात ते आडकाठीशिवाय. ऊन, सरी आणि वारा एका दिवसात आलटून पालटून. १८९८ साली या प्रवासाचे पुस्तक निघाले. वाचकांना हे वेड पटले, आणि १९०१ साली सायकलवरून छावणी करणाऱ्यांची संस्था स्थापन झाली. सभासद अवघे तेरा. त्यांतले सहाजण वाँटेज येथील पहिल्या छावणीला आले. आज लक्षावधी लोक तंबू घेऊन हिंडतात, त्यांच्या मागे हे सहाजण आहेत.

होल्डिंगचा शत्रू पाऊस होता. आपल्या मुंबईकरांना वेगळ्याच शत्रूंशी गाठ घ्यावी लागली. १९२० साली ओव्हल मैदानावर युरोपातून पायी आलेल्या एका फ्रेंच गृहस्थाचे व्याख्यान झाले आणि ते ऐकून काही पारशी तरुणांच्या मनात जगभर जाण्याचे आले. व्याख्यानाने एवढे घडावे, याचा आमच्यासारख्या वक्त्यांना हेवाच वाटतो! १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहाजण मुंबईहून निघाले. तारीख बोलकी आहे: पावसाळा सरलेला, रस्ते वाळू लागलेले. पण चार वर्षांच्या प्रवासाला एकच ऋतू कसा पुरणार? बलुचिस्तान व इराण मागे टाकून ते मेसोपोटेमियाच्या वाळवंटात उतरले, पुढे युरोपात आल्प्सच्या थंडीत चढले. वाळवंटात रेशमी छप्पर असले काय नि नसले काय. तेथे पाण्याची पिशवीच खरे घर. आणि होल्डिंग जे वजन औंसाऔंसाने कमी करीत होता, त्याच्या किती पटींनी वजन एका दिवसाच्या पाण्याचेच होते!

अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश या वाटेने आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. उरलेल्या तिघांची साथ वाटेत सुटली होती. अंतर भरले सुमारे ७१,००० किलोमीटर. त्यांचे पुस्तक १९३१ साली छापून निघाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३० साली, होल्डिंग वारला होता.