गोटीला पाणी किती?

पालमसारख्या तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात दोन प्रकारच्या गोट्या पाहायला मिळतात. एक चकचकीत, पातळ भिंतीची. दुसरी काळी आणि जाड. एलन बोल्टसाठी षट्कोनी बिट बसवलेल्या गोटीतही हाच भेद असतो. पहिली हाताने फिरवण्यासाठी, दुसरी इम्पॅक्ट गनसाठी. वरवर पाहता हा रंगाचा फरक. पण त्यामागे पोलादाचा मोठा इतिहास आहे.

त्यातले मर्म गावच्या लोहाराला पूर्वीपासून ठाऊक आहे. छन्नीच्या धारेला तो पाणी देतो, पण घणाचा मार खाणाऱ्या माथ्याला देत नाही. धार कठीण हवी, माथा चिवट हवा. कठीणपणा म्हणजे न झिजणे, चिवटपणा म्हणजे धक्का पचवणे. एकाच पोलादात सहसा एक वाढवला की दुसरा घटतो.

परभणी जिल्ह्यातून वाहणारी गोदावरी नांदेड ओलांडून निजामाबाद जिल्ह्यात शिरते. त्या जिल्ह्यातले कोनसमुद्रम हे गाव मुशीत तयार होणाऱ्या पोलादासाठी प्रसिद्ध होते. इराणी व्यापारी ते विकत घ्यायला येत. हेन्री व्हॉयसी यांनी केलेले तिथल्या पद्धतीचे वर्णन १८३२ साली प्रसिद्ध झाले. आपला ‘पोलाद’ हा शब्दही फारसीतूनच आलेला आहे.

या भारतीय पोलादाचे, म्हणजे वुट्झचे, कुतूहल मायकेल फॅराडे यांनाही होते. ते स्वतः लोहाराचे चिरंजीव. १८१९ साली त्यांनी वुट्झचे विश्लेषण केले आणि जेम्स स्टोडार्ट यांच्याबरोबर पोलादात क्रोमियमसह अनेक धातू मिसळून पाहिले. वुट्झचे गुपित त्यांना उलगडले नाही, पण मिश्रपोलादाच्या पद्धतशीर अभ्यासाला चालना मिळाली. पुढे १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीत व्हॅनेडियमयुक्त पोलाद वापरले गेले. वुट्झच्या पात्यांवरील नक्षीलाही व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अल्पांश कारणीभूत असावा, असे जॉन व्हर्होवेन व सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले.

हातगोटी बहुधा याच क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची असते. ती कठीण असल्याने भिंत पातळ ठेवता येते आणि अडचणीच्या जागी शिरते. इम्पॅक्ट गनमध्ये मात्र आतला हातोडा मिनिटाला हजाराहून अधिक ठोके देऊ शकतो. तेथे बहुधा क्रोम-मॉलिब्डेनमची, थोडी कमी कठीण पण चिवट आणि जाड गोटी लागते. हातगोटी गनला लावली तर ती तडकून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. काळी गोटी हाताने वापरायला हरकत नाही, फक्त अरुंद जागी ती मावत नाही. म्हणून पेटी भरताना आधी हातगोट्यांचा संच घ्यावा. गन असेल तर तिच्यासाठी नेहमीच्या मापांच्या काळ्या गोट्या वेगळ्या घ्याव्यात. बिटच्या बाबतीतही हाच नियम.

वर्गात हे दाखवायला दोन शिवणाच्या सुया पुरतात. चष्मा लावून, पकडीत धरून शिक्षकांनीच त्या लालभडक तापवाव्यात. एक पाण्यात बुडवावी, दुसरी हळूहळू गार होऊ द्यावी. मग जाड कापडात गुंडाळून दोन्ही वाकवाव्यात. पहिली मोडेल, दुसरी वाकेल. धातू तोच, फरक फक्त पाण्याचा. मग मुलांना विचारावे : ठोके खायला यातली कोणती पाठवाल?