लेव्ही सॅव्हेज आणि हातगाड्यांचा तांडा

१८३० सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या मॉर्मन पंथाचे लोक छळास कंटाळून १८४७ मध्यें ब्रिगॅम यंग याच्या नेतृत्वाखालीं दूर पश्चिमेस सॉल्ट लेकच्या खोऱ्यांत येऊन राहिले. त्यांतील एका साध्या माणसाविषयीं आज मी बोलणार आहें.

लेव्ही सॅव्हेज हा ओहायोचा. जन्म १८२० चा. धर्मप्रचारासाठीं तो १८५३ मध्यें कलकत्त्यास उतरला. जावयाचें होतें सयामास. तें न साधल्यानें ब्रह्मदेशांतच राहिला. १८५६ त तो परतला. पत्नी पूर्वींच वारली होती. लहान मुलगा यूटांत वाट पाहत होता.

त्या वर्षीं युरोपांतून आलेल्या गरीब मॉर्मनांस बैलगाड्यांचा खर्च झेपेना, म्हणून माणसांनीं ओढावयाच्या दुचाकी हातगाड्या निघाल्या. माणशीं सामान सतरा पौंड! आधींचे तीन तांडे फारशी हानि न होतां पोहोंचले. तेव्हां योजना मुळांतच वेडगळ होती, असें म्हणवत नाहीं. घात केला तो उशिरानें. जेम्स विली याच्या तांड्यांत सुमारें पांचशें माणसें होतीं व सॅव्हेज त्यांचा एक उपनायक. नेब्रास्कांतील फ्लॉरेन्स गांवीं पोहोंचेपर्यंत ऑगस्ट उजाडला. पुढें अजून हजार मैल उरले होते.

तेथें सभा भरली. सॅव्हेजनें उठून स्पष्ट सांगितलें कीं, म्हातारे व मुलेंबाळें घेऊन या ऋतूंत निघालों तर पुष्कळ मरतील; हिवाळा येथेंच काढावा. पुढाऱ्यांस ही अश्रद्धा वाटली. कौल निघण्याच्या बाजूनें पडला. तेव्हां तो म्हणाला, माझें म्हणणें खरें आहे. तरी मी तुमच्याबरोबर येईन, कष्ट सोशीन, प्रसंगीं मरेनही. एकट्या सशक्त पुरुषास दुसरी सोबत मिळणें अवघड नव्हतें, हें ध्यानांत घ्यावें. सप्टेंबरांत मागून आलेल्या एका वरिष्ठानें तर त्यासच चारचौघांत दोष दिला!

१९ ऑक्टोबरला बर्फ कोसळलें, पीठ संपलें. यंगनें धाडलेली मदत २१ ला पोहोंचली, तरी खरा कहर २३ तारखेस रॉकी रिजच्या खडकाळ चढावर झाला. वादळ समोरून येत होतें. सॅव्हेज पिछाडीस राहून थकलेल्यांस बैलगाड्यांत घेत होता. शेवटीं गाड्यांत जागा उरेना. मागचे लोक पहाटे छावणीस पोहोंचले, कांहीं निष्प्राण होऊनच. दुसऱ्या दिवशीं तेरा जणांस एकाच खड्ड्यांत पुरलें.

९ नोव्हेंबरला तांडा सॉल्ट लेकला पोहोंचला तेव्हां साठांहून अधिक माणसें दगावलीं होतीं. त्याच तांड्यांतील एका विधवेशीं सॅव्हेजनें १८५८ त विवाह केला. १९१० सालीं, नव्वद वर्षांचा होऊन, तो यूटांतील टोकरव्हिल येथें वारला.