वैद्यकीय पर्यटन

औषधोपचार वा शस्त्रक्रिया यांसाठी परदेशी जाण्यास आणि त्यावर आधारलेल्या सेवाव्यवसायास ‘वैद्यकीय पर्यटन’ म्हणतात. आरोग्यासाठी औषधी झऱ्यांच्या ठिकाणी जाण्याची प्रथा प्राचीन आहे. विसाव्या शतकात विकसनशील देशांतील धनिक उपचारांसाठी यूरोप-अमेरिकेत जात. शतकाच्या अखेरीस हा ओघ उलट दिशेनेही वाहू लागला. अमेरिकेतील महाग उपचार, ब्रिटन व कॅनडा येथील शस्त्रक्रियांसाठीची दीर्घ प्रतीक्षा, विमानप्रवासाची सुलभता आणि विकसनशील देशांतील अल्प खर्च व कुशल डॉक्टर ही त्याची प्रमुख कारणे होत. परकीय चलनाचे साधन म्हणून अनेक शासनांनी या व्यवसायास उत्तेजन दिले.

सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर (१९९१) क्यूबाला मिळणारी मदत थांबली. त्या काळात तेथील शासनाने परदेशी रुग्णांसाठी सशुल्क सेवा वाढविली. रुग्णालये सरकारी असल्याने तिचे उत्पन्न शासनाकडेच जाई. थायलंडमध्ये १९९७ च्या आर्थिक अरिष्टात मध्यमवर्गाची ऐपत घटली आणि खाजगी रुग्णालयांतील खाटा रिकाम्या पडल्या. बात या चलनाचे मूल्य उतरल्यामुळे परदेशीयांना मात्र तेथील उपचार स्वस्त झाले. पुढे देशाला आशियाचे वैद्यकीय केंद्र बनविण्याचे धोरण शासनाने अंगीकारले. मलेशियाने १९९८ मध्ये याच हेतूने राष्ट्रीय समिती नेमली.

भारतात १९८३ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे अपोलो रुग्णालय सुरू झाले. त्यानंतर मोठ्या खाजगी रुग्णालयांचा विस्तार झाला. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने (२००२) परकीय चलन घेऊन परदेशी रुग्णांना दिलेली सेवा निर्यातीसमान मानून तिला निर्यातीच्या वित्तीय सवलती देऊ केल्या. पुढे रुग्णांसाठी स्वतंत्र वैद्यकीय व्हिसाही सुरू झाला. जाहिरातींत पाश्चात्त्य रुग्णांना महत्त्व असले, तरी प्रत्यक्षात बांगला देश, इराक, मालदीव, अफगाणिस्तान व आफ्रिकी देश येथून पुष्कळ रुग्ण आले. स्वदेशी पुरेशी सोय नसणे, हे त्यांच्या येण्याचे मुख्य कारण होय. कोविड-१९ च्या साथीत (२०२०) हा ओघ जवळजवळ थांबला. २०२४ मध्ये बांगला देशातील सत्तांतरानंतर व्हिसांवर आलेल्या मर्यादांमुळे तेथून येणारे रुग्ण घटले.

मूत्रपिंडांची खरेदी-विक्री हे या व्यवसायाचे सर्वांत गर्हणीय अंग होय. भारतात तीस प्रतिबंध करणारा मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम १९९४ मध्ये संमत झाला. गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांना तो प्रथम लागू झाला. अवयवांच्या व्यापाराविरुद्ध इस्तंबूल येथील जाहीरनामा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या व्यवसायाचा लाभ देशातील रुग्णांपर्यंत कितपत पोहोचतो, हा मूलभूत प्रश्न आहे. थायलंडमध्ये २००१-०२ मध्ये सर्व नागरिकांना अल्प शुल्कात उपचार देणारी योजना सुरू झाल्याने सरकारी रुग्णालयांवरील भार वाढला. त्याच सुमारास तेथील डॉक्टरांना शहरांतील खाजगी रुग्णालयांचे आकर्षण निर्माण झाले. भारतातही सार्वजनिक खर्चाने शिकलेले अनेक डॉक्टर खाजगी रुग्णालयांत काम करतात. दिल्लीत सवलतीच्या दराने सरकारी जमीन मिळालेल्या रुग्णालयांनी गरिबांसाठी १० टक्के खाटा व बाह्यरुग्ण विभागात २५ टक्के सेवा मोफत ठेवावी, ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली. सवलतींसोबत अशी बंधने नसतील व ती पाळली जात नसतील, तर परकीय चलन मिळूनही सामान्य रुग्णाच्या पदरी काही पडत नाही.