परस्थानीय प्रवेशाचा परवाना आणि त्याचे वाचन

एका संकेतस्थळावरील पानाने दुसऱ्या स्थळाची सामग्री वाचावी की नाही, हा प्रश्न जावास्क्रिप्टइतकाच जुना आहे. डिसेंबर १९९५ मध्ये नेटस्केप व सन या कंपन्यांनी ती भाषा जाहीर केली आणि पाठोपाठ नेटस्केपच्या ब्राउझरात समान मूलस्थानाचा निर्बंध आला. प्रोटोकॉल, यजमान संगणकाचे नाव व पोर्टचा क्रमांक ही तिन्ही जुळली तरच एका पानातील आज्ञावलीस दुसऱ्याचा मजकूर वाचता यावा, असे त्याचे स्वरूप होते. बँकेच्या हिशेबाचे पान आणि अनोळखी पान एकाच ब्राउझरात उघडे असू शकते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे त्याची आवश्यकता वेगळी सिद्ध करावी लागत नाही.

तथापि या निर्बंधाने प्रामाणिक कामांचीही अडवणूक केली. परक्या स्थळाची आज्ञावली आणून चालविण्यास मात्र मुभा होती. तिचा लाभ घेऊन माहितीच आज्ञावलीच्या वेषात पाठविण्याची जेसॉनपी ही युक्ती २००५ मध्ये बॉब इपोलिटो यांनी सुचविली. ती सोयीची खरी, पण पाठविणाऱ्यावर आंधळा विश्वास टाकणारी. वास्तविक अधिक सरळ मार्ग २००४ मध्येच टेलमी नेटवर्क्समधील तंत्रज्ञांनी व्हॉइसएक्सएमएल या भाषेसाठी सुचविला होता : ज्याची सामग्री, त्यानेच परवानगी द्यावी. २००९ मध्ये या योजनेस 'क्रॉस-ओरिजिन रिसोर्स शेअरिंग', संक्षेपाने 'कॉर्स', हे नाव मिळाले आणि जानेवारी २०१४ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला शिफारशीचा दर्जा दिला.

ॲमेझॉनचे एस-थ्री हे साठवणभांडार २००६ पासून चालू होते. परंतु तेथील सर्व्हर ग्राहकाच्या ताब्यात नसल्यामुळे ही परवानगी त्याने द्यावी कशी, हा पेच होता. ऑगस्ट २०१२ मध्ये तो सुटला. प्रत्येक बकेटला शंभरपर्यंत नियम जोडता येऊ लागले. त्यांतील जुळणारा पहिला नियम लागू होतो.

हे नियम आज्ञावलीद्वारे मागवून वाचण्याचे महत्त्व येथेच आहे. ब्राउझर नकार देतो तेव्हा पानातील आज्ञावलीस त्याचे कारण कळू देत नाही. ते मूळ परवान्यातच शोधावे लागते. पायथॉनच्या बोटो-थ्री लायब्ररीत त्यासाठी बकेटचे कॉर्स मागविणारी स्वतंत्र क्रिया आहे. मात्र नियम मुळीच नसतील तर एस-थ्री रिकामी यादी देत नाही, ४०४ क्रमांकाची त्रुटी देते. वाचण्याचा अधिकार नसेल तर ४०३. या दोहोंस एकच समजणारी आज्ञावली 'परवाना नाही' आणि 'परवाना पाहू दिला नाही' यांची गल्लत करते, आणि ही गल्लत क्षुल्लक नव्हे. गूगलच्या भांडारात नियमांच्या अभावी रिकामी यादीच मिळते. मायक्रोसॉफ्टच्या ॲझूरमध्ये तर ब्लॉबसाठीचे नियम एकेका कंटेनरला नसून खात्याच्या समग्र ब्लॉब सेवेला असतात, व ते पाचांहून अधिक नसतात.

हा निर्बंध पाळतो तो ब्राउझर. परवाना वाचणाऱ्या पायथॉनच्या आज्ञावलीला त्याची बाधा नाही. तिची ओळख व अधिकार वेगळेच तपासले जातात. म्हणूनच सर्व मूलस्थानांस मोकळीक देणाऱ्या नियमाने खाजगी फाइल खुली होत नाही आणि नियम नसल्याने सार्वजनिक फाइल झाकलीही जात नाही.